जिथं कौल थांबतं

"अहो, एवढं वाकता कशाला? पडाल की खाली," शिडीच्या पायथ्याशी उभ्या बायकोनं विचारलं.

वाण्याच्या छपरावर बसलेला शाकाऱ्या म्हणाला, "कंबर धरलीय. सरळ बसवत नाही."

साफ खोटं. त्याची कंबर ठणठणीत होती.

तीस वर्षं दोघं जोडीनं घरं शाकारत आली होती. ती खालून कौल फेकायची, तो वरून धरायचा. नवख्याला वाटतं, जोर लावला की झालं. पण कौल हातातून सुटतं तेव्हा सुसाट असतं. वर जाता जाता त्याचा दम सरतो आणि एका जागी ते क्षणभर थांबतं. वरच्याचा हात नेमका तिथं हवा. त्याच्या अलीकडे धरलं तर तळहात सोलून निघतो. चुकलं तर तेच कौल जितक्या वेगानं गेलं तितक्याच वेगानं फेकणाऱ्याच्या टाळक्यात परत येतं. तिचं कौल त्याच्या छातीसमोर येऊन थांबायचं, त्यानं नुसतं घ्यायचं. गाव म्हणायचं, याची बायको कौल फेकत नाही, हातात आणून देते.

चार महिन्यांमागं सुताराच्या घरी तिचं कौल पहिल्यांदा त्याच्या गुडघ्याशी थांबलं. त्यानं झटकन वाकून धरलं. वय झालं असेल, म्हणाला मनाशी. बोललो तर बिचारीचा जीव खट्टू होईल. तेल्याच्या घरी कौल घोट्याशी थांबायला लागलं. वाण्याच्या घरी तर छपराच्या कडेखाली वीतभर. तो पालथा पडून हात खाली सोडायचा आणि कंबरेच्या नावानं कण्हायचा. ती रोज संध्याकाळी तेल कोमट करून त्याची कंबर चोळायची. तिच्या हाताचा दाब हलका होत चालला होता. माणसाला आंधळं व्हायचंच असलं तर डोळे काय करणार?

आणि त्या दिवशी कौल तिच्या हातातून वर उठलंच नाही. पायावर पडून फुटलं. तसाच तो तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला लावला. मानेत गाठ होती आणि ती हाताची नस दाबत होती. हात कधीपासून जातोय, असं त्यांनी विचारलं.

"आजच," ती तोऱ्यात म्हणाली. "त्याआधी माझं एक तरी कौल कमी पडलं का, विचारा यांना."

शाकाऱ्यानं खाली मान घातली. आता खोटं बोलणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

"चार महिने झाले," तो म्हणाला आणि गुडघा, घोटा, वीत, सगळं सांगितलं.

बाईंनी लिहून घेतलं. पहिल्याच महिन्यात आला असता तर हात वाचला असता, म्हणाल्या. आता जीव वाचवायची खटपट करू.

दोघं घरी आली. दाराशी ती म्हणाली, "म्हणजे तुमची कंबर?"

"धडधाकट आहे."

"चार महिन्यांचं तेल फुकट गेलं की मग."

दिवेलागणीला ती डाव्या हातात तेलाची वाटी घेऊन आली. "पालथे पडा."

"अगं, कंबरेला काही झालेलं नाही."

"माहितीय. पडा."

तो पडला. डाव्या हाताला सवय नव्हती, तेल भलतीकडेच ओघळत होतं. त्यानं उशीत तोंड खुपसलं आणि पोरासारखा रडला. तिनं विचारलं, "दुखतंय का?"

तो म्हणाला, "हो."