सुंदरम्माचा काटा

आमच्या ह्यांनी दुसरी भाकरी नको म्हटलं त्या दिवशी मला वाटलं, बाहेर कुठं तरी पोट भरून आले असणार. बारा वर्षांच्या संसारात चार भाकरींच्या आत ह्यांचं जेवण कधी आटोपलं नव्हतं.

कारण त्यांनी हात धुताधुता सांगितलं. उजनीच्या धरणावर पाण्याखाली उतरून दरवाजे तपासायला खात्याला माणसं हवी होती. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. मुंबईला नेऊन शिकवणार, पगारही वाढणार. हे सरकारी वर्कशॉपात फिटर. पोहायला शिकले सीना नदीत, आणि पाणी दिसलं की ह्यांना बायकोही दिसत नाही. पण वजन पंच्याहत्तर किलोच्या वर चालणार नव्हतं, आणि हे होते ब्याण्णव.

"जाडा माणूस टाकीतली हवा लवकर संपवतो म्हनं," ते म्हणाले. "परीक्षेला तीन म्हैने हायेत. बघ कसा वाळतो."

"वाळा की. मी कुटं अडवलंय?" मी म्हटलं, पण मनातून मला ते बरं वाटलं नाही. ती चरबी माझ्या हातची होती.

पहाटे उठून हे भवानी पेठेतून सात रस्त्यापर्यंत पळत जायचे, परत यायचे, मग गावाबाहेरच्या विहिरीत बुडी मारून दम कोंडायचा सराव. महिनाभरानं मी ताट वाढताना विचारलं, "किती उतरलं?"

"पाच. आता सत्त्याऐंशी, वर चारशे ग्रॅम."

"एवढं नेमकं कुनी सांगितलं?"

"सुंदरम्मानं. रोज तोलती की बिचारी. वर पेलाभर आंबील देती."

सुंदरम्मा आमच्या मागच्या गल्लीतली. वयानं माझ्याएवढी, नवरा वारलेला, चार माग एकटी चालवते. सूत तोलायला तिच्या पडवीत मोठा काटा टांगलेला आहे, त्याच्या पारड्यात माणूसही बसतो. म्हणजे हे विहिरीवरून ओल्या केसांनी रोज तिच्या पारड्यात जाऊन बसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्याचं वजन मला माहीत नाही, आणि त्या बाईला ग्रॅमसकट तोंडपाठ! ह्यांना ती भाऊ म्हणते. म्हणायला काय जातंय?

दुसऱ्या दिवशी मी आंबील केली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. मग धपाटी केली, वर लोण्याचा गोळा. शेंगाची चटणी कुटली, भरीत केलं. हे ताटाकडं एकदा बघायचे, अर्धी भाकरी कशीबशी खायचे आणि कुणी पाठीशी लागल्यासारखे उठायचे. तिचं पातळ पाणी गोड लागतं आणि माझं लोणी घशात अडकतं, असं मी भांड्यांना ऐकवायची. भांडी आपटून दोन पातेल्यांना पोचे आणले.

आमच्यात बाईमाणूस गड्याच्या मागून जेवतं. आता गडी अर्ध्या भाकरीवर उठला, तर मागं बसून तीन भाकऱ्या कुठल्या तोंडानं खायच्या? त्यात रागानं भूक मेलेली. दोन घास, वर पाणी, उरलेलं गाईला. पोलकी ढिली व्हायला लागली तेव्हा मी शिंप्याला शिव्या दिल्या.

परीक्षेला दोन दिवस उरले. त्या सकाळी मी सरळ सुंदरम्माच्या पडवीत जाऊन उभी राहिले. हे पारड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, ती पदर खोचून समोर वजनं टाकत होती, आणि दोघं खळखळून हसत होती. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"झालं का तोलून? का जन्मभर लागतोय तुला माझा नवरा?"

"अनसूया, काय बोलतीस!" हे धडपडत उतरले. "पाऊन किलोच ऱ्हायलंय आता."

सुंदरम्मा चिडली नाही. "वैनी, शिव्या मागून द्या. आदी हितं बसा."

"मी कशाला बसू?"

"भ्या वाटतंय काय?"

भ्यायला मी काय तिच्या घरचं खात होते? तिनं पारडं हातानं दाबून धरलं, मी त्यात बसले, तिनं हात सोडला आणि मी सर्रकन वर गेले. तिनं पलीकडचं वीसचं वजन काढलं, मी वरच. पाचाचं काढलं, तरी वरच. आणखी पावणेतीन किलो काढले तेव्हा कुठं काटा हलला.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

ह्यांचं तोंड उतरलं. "दिवाळीत दवाखान्यात एकसष्ट भरली हुती ही."

मी ते विसरले होते. ह्यांना आठवत होतं.

"भाऊ, तुमी सोळा किलो उतरवले ते पेठभर सांगता. वैनींनी घरात बसून तेरा उतरवले, ते दिसलं नाय?" मग ती माझ्याकडं वळली. "आन् आंबील हितं का पितात, सांगू? रिकाम्या पोटी तुमच्या भाकरीसमोर बसले तर पाच खाल्ल्याबिगर उठवत नाय म्हनतात. म्हनून पोट भरून यायचं, मग तुमाला नको म्हनायचं."

ऐकून मला आनंद झाला. खोटं का बोलू? पण पुढच्याच क्षणी पुन्हा जळजळलं. एवढी गोड गोष्ट, आणि ती तिला सांगितली! माझ्या वाट्याला तीन महिने नुसतं नको, नको.

"तिला सांगता येतंय, मला न्हाय?" वाटेत मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू आनखी वाढलं असतंस की."

हे खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

ते पाऊण किलो त्यांनी दोन दिवसांत उतरवलं, पासही झाले. पण मला लक्षात राहिलंय ते काट्यावरून परतलो त्या सकाळचं जेवण. आंबील न पिताच हे घरी आलेले. चुलीपुढं बसले आणि म्हणाले, "थाप भाकरी. तू खा, मी बघतो."

"तुमच्या आधी?"

"व्हय."

बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले. पहिली भाकरी संपेपर्यंत मान वर केली नाही, एवढी भूक होती. ह्यांनी आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

"दुसरी घे," ते म्हणाले.

घेतली. तेवढ्यात पडवीतलं ते हसणं आठवलं. मग मी एकेक तुकडा लोण्यात बुडवून, त्यांच्या डोळ्यांत बघत, ती दुसरी भाकरी मुद्दाम सावकाश खाल्ली.