साहेब खालून, मावशी वरून

मी एक जुना ट्रायपॉड आहे. नाही मित्रांनो, कॅमेरा नाही! दर वेळी हेच. लोक येतात, माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघून "वा!" म्हणतात आणि जाताना माझ्याच पायात अडखळून मलाच शिव्या घालतात. कॅमेरा ज्याच्या जिवावर उभा राहतो तो तीन पायांचा गडी म्हणजे मी.

एका सुताराने मला घडवलं. लाकडाचे पाय, पितळेचे स्क्रू. स्क्रू सैल केले की पाय लांब-आखूड होतात, आवळले की तिथेच थांबतात. "हा कुठेही उभा राहील," असं सुतार कौतुकाने म्हणाला होता. राहिलो की! चिखलात राहिलो, गच्चीवर राहिलो आणि पुढाऱ्यांच्या सभांमध्ये तर इतका राहिलो की कान किटले.

तिथेच माणसांची एक खोड बघितली. पुढारी आला की माझे पाय आखूड करायचे. कॅमेरा खालून वर बघायला लागला की साधा माणूसही पडद्यावर डोंगराएवढा दिसतो. गरीब आला की माझे पाय ताणायचे, कारण वरून बघितलं की माणूस बिचारा दिसतो. विचार कुणीच करायचं नाही, हात आपोआप स्क्रूकडे जायचा. मी कुरकुर केली, तर म्हणायचे, "याला तेल घाला रे!"

पुढे मी एका दिग्दर्शकाकडे आलो. माणूस मनाने अगदी सोन्यासारखा. पण खरं सांगू? चांगल्या माणसांनीच माझं डोकं जास्त उठवलंय.

एका इस्पितळात सफाईचं काम ठेकेदाराला द्यायचं आणि वर्षानुवर्षं राबलेल्या बायकांना घरी बसवायचं, असं घाटत होतं. बायकांना भेटायला इस्पितळाच्या मंडळाला वेळ नव्हता. "फिल्म वगैरे असेल तर बघू," एवढं मात्र अध्यक्षसाहेब म्हणाले होते. म्हणून दिग्दर्शक मला खांद्यावर टाकून तिथे गेला. सगळ्या बायकांची पोटं त्या एका फिल्मवर होती.

बायकांच्या पुढारी होत्या मावशी. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि दिग्दर्शकाने माझे पाय ताणले. कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता! मावशी खालून म्हणाल्या, "ऑपरेशनची खोली आम्ही धुतो. ठेकेदाराची माणसं रोज बदलणार. त्यांना कोण शिकवणार? पेशंटला काही झालं तर जबाबदार कोण?" मग साहेबांची मुलाखत. तिथे माझे पाय लगेच आखूड. साहेब वरून म्हणाले, "सगळं नियमानुसार होईल."

चादरींच्या खोलीत बायकांना फिल्म दाखवली. मावशींची जाऊ रडायलाच लागली. "किती गरीब दिसतो गं आपण!"

"रडू नकोस," मावशी कडाडल्या. "अहो दादा, आम्ही काय विहिरीत बसलोय? आणि साहेब बघा, देवासारखे!"

"मावशी, मंडळाला तुमची दया यायला हवी ना," दिग्दर्शक म्हणाला.

"दया आली की माणूस अरेरे म्हणतो आणि चहा प्यायला उठतो. मला उत्तर हवंय."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मी हेच कुरकुरत होतो, पण माझं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आधी स्वतः मावशींच्या समोर पायरीवर बसला. मग आपल्या डोळ्यांइतकी उंची धरून त्याने माझे स्क्रू आवळले. साहेबांकडेही तसंच केलं. साहेब कुरकुरले, "मागच्या वेळी छान आलो होतो की!" त्यांनी खुर्ची उंच केली. दिग्दर्शकाने मलाही तेवढाच उंच केला.

बैठकीच्या दिवशी मी कोपऱ्यात उभा होतो. पडद्यावर मावशी बोलल्या, लगेच साहेब बोलले. मित्रांनो, एक शब्द बदलला नव्हता! पण आता दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसल्यासारखी वाटत होती. एक सभासद चिडून म्हणाले, "ही बाई तर आपल्याशी वाद घालतेय!"

शेजारच्या बाई म्हणाल्या, "मग द्या ना उत्तर. जबाबदार कोण?"

सभासद ठेक्याचे कागद उलटेपालटे करायला लागले. साहेबांनी घाम पुसला आणि बाहेर ताटकळलेल्या मावशींना आत बोलावलं. सगळे बसलेले, मावशी एकट्याच उभ्या. साहेब म्हणाले, "हं, बोला."

"आधी मला खुर्ची द्या," मावशी म्हणाल्या. "नाहीतर मी तुमच्याशी वरून बोलतेय असं वाटेल."

खुर्ची आली. बोलणं बराच वेळ चाललं आणि ठेका बारगळला. बायका आजही कामावर आहेत.

आणि मी? मी दिग्दर्शकाच्या घरात ओले टॉवेल अंगावर घेऊन उभा आहे. पितळ काळवंडलंय, एक पाय लचकतोय. मित्रांनो, जमलं तर टॉवेल काढा, स्क्रूला थोडं तेल द्या. तेही नाही जमलं तरी चालेल. पण कुणाची गोष्ट सांगायला निघालात, तर माझ्या स्क्रूला हात लावण्याआधी त्या माणसासमोर जाऊन बसा.