लेखी नकार

विवाह नोंदणीच्या साहेबांनी शिंपीणबाईंना अकरा वेळा नकार दिला होता, आणि अकराही वेळा तोंडी. दोन बायकांचं लग्न कायद्यात बसत नाही, एवढं बोलून ते अर्ज परत सरकवायचे. कागदावर शाईचा ठिपकासुद्धा नाही! त्यांची वकीलबाई म्हणायची, "लेखी नकार आणा, मग त्या कायद्यालाच कोर्टात खेचते. निदान तात्पुरता आदेश तरी मिळवते."

घाई होती. बावीस वर्षं शिंपीणबाईंसोबत एका घरात राहिलेल्या, बस चालवणाऱ्या बसवालीच्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलं होतं, आणि दवाखान्याला सही हवी होती तिच्या भावाची. त्याने वीस वर्षांत बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. शिंपीणबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

पण साहेबांचे शर्ट त्याच शिवत. प्रत्येक शर्ट एकदा तरी परत येई, खिशाला टाचलेल्या चिठ्ठीसकट: "डावी बाही पाव इंच लांब." खाली सही, तारीख. चूक दिसली की ती लिहून काढल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे.

बाराव्या वेळी शिंपीणबाईंनी अर्जातला कार्यालयाच्या शेऱ्याचा रकानाही स्वतःच भरून टाकला: "अर्जदारांचे वय जास्त असल्यामुळे नामंजूर."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वय? वयाचा काय संबंध? कुठल्या कायद्यात आहे हे?"

"मला आपलं वाटलं, असेल," शिंपीणबाई साळसूदपणे म्हणाल्या. बसवाली ओठ चावत खिडकीबाहेर बघत राहिली.

पेन निघालंच. ओळ खोडून साहेबांनी वर कोरलं: "दोन्ही अर्जदार स्त्रिया असल्यामुळे नामंजूर." सही, तारीख.

शाई वाळायच्या आत कागद पिशवीत गेला.

"अहो, तो कागद..."

"काही चुकलं का, साहेब?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चुकलं तर काहीच नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा नवा शर्ट परत आला. खिशाला चिठ्ठी होती: "नामंजुरीवर शिक्का राहिला आहे. शिक्क्याविना कोर्टात अडचण येईल. उद्या दहा वाजता यावे." सही, तारीख.

"आणि शर्टाचं काय?" बसवालीने विचारलं.

शिंपीणबाईंनी शर्ट उलटा केला, सुलटा केला, बाह्या मोजल्या. एकही टाका चुकलेला नव्हता.

"भावाला कळवू नकोस," त्या म्हणाल्या. "सही मीच करणार." आणि त्यांना एकदम रडू फुटलं.