सूची लागेपर्यंत

पुस्तकांच्या शेवटी जी सूची असते ती मी करते. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बहुधा मी एकटीच असते, आणि माझं नाव कुठे छापत नाहीत. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

कामाला माझ्याकडे एक जुना एडिटर आहे. नुसता मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम, ना रंग ना चित्रं. दादाने वीस वर्षांपूर्वी तो बसवून दिला आणि नोंदी अकारविल्हे लावायची सोयही स्वतः लिहून त्यात घातली. एक कळ दाबायची, की हजारो नोंदी आपापल्या जागी जातात. तेवढा वेळ एडिटर कुणाचं म्हणजे कुणाचंच ऐकत नाही. सुरुवातीला मी घाबरून तो बंद करायची आणि केलेलं सगळं घालवून बसायची. तेव्हा दादाने नियम घालून दिला. "थांबलीस तर येतो, मारलंस तर जातो." मी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, पण हे ऐकलं.

दुसरी माझी खोड अशी, की घरात कागद ठेवायचा नाही. फोन नंबर, औषधांच्या वेळा, कुणाला काय बोलले आणि काय बोलायचं राहिलं, सगळं त्या एडिटरमध्ये. कागद हरवतो. हा कुठे जाणार?

दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आढेवेढे न घेता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. फोनवर हे ऐकून मी रडायला लागले, तर तो म्हणतो, "लहानपणापासून सांगतेयस ना, गप्प बस म्हणून? ऐकलं बघ शेवटी."

माझं रडणं नुसतं त्याच्यासाठी नव्हतं, हे कबूल करते. दादा आईची नक्कल करायचा. नक्कल कसली, आईच. आईला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि तिचा आवाज आम्ही कधी टेप करून ठेवला नाही. कुणाला सुचलंच नाही. पण दादा मान जरा तिरपी करून नाकातून म्हणायचा, "बुटके, दिवा बंद कर. वीज काय तुझ्या बापाची आहे?" आणि माझा हात आपसूक बटणाकडे जायचा. बाबा नोकरीला वीज खात्यात होते, त्यामुळे या वाक्याला ते दर वेळी खोकायचे. आई जी काय उरली होती ती दादाच्या घशात, आणि आता तो घसाच कापणार होते.

"ऑपरेशनच्या आधी एकदा आई कर," मी म्हटलं. "मी रेकॉर्ड करून ठेवते."

"आता फार दुखतं गं. एकदाच जमेल. त्या दिवशी सकाळी करतो."

मी जाणारच होते, पण ऑपरेशनची तारीख अचानक दोन दिवस अलीकडे आली आणि माझं पोचणं शक्य राहिलं नाही. त्या वॉर्डात फोन नेऊ देत नाहीत. त्याऐवजी वॉर्डातल्या टॅब्लेटवर नातेवाइकांशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. दहा वाजता वहिनीने तिथल्या टेबलावरच्या फोनवरून मला कॉलचा कोड वाचून दाखवला, लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. "अकरा ते अकरा दहा. मग लगेच आत नेतील. मी फॉर्मच्या रांगेत चालले, माझाही फोन दारातल्या कपाटात ठेवलाय," ती म्हणाली. कोड मी एडिटरमध्ये टाइप केला. दुसरीकडे कुठे करणार होते?

छापखान्याला त्याच दुपारी एक सूची हवी होती. नऊशे पानांचं पुस्तक, एवढं मोठं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. अकराला तीन मिनिटं कमी असताना मी कोड कॉपी केला. मग माझ्यातली शहाणी जागी झाली. म्हटलं, दहा मिनिटं दादाशी बोलेन, तोवर सूची लागून जाईल, एका वेळेत दोन कामं. आणि दाबली कळ. मग कॉलची खिडकी उघडली, रेकॉर्डिंग तयार ठेवलं आणि चौकटीत कोड पेस्ट केला.

चौकट कोरीच राहिली. पुन्हा पेस्ट केलं. खिडकी पांढरी पडली. हॉस्पिटलचा नंबर शोधायला दुसरी खिडकी उघडली, घाईत तिथेही पेस्टच दाबलं, तीही गेली. सगळा स्क्रीन ढिम्म. कोड एडिटरमध्ये होता, एडिटर पांढऱ्या खिडकीच्या मागे होता, आणि ती खिडकी हलेना. अकरा वाजले.

एडिटर मारता आला असता. ती युक्ती मला येते. पण तो मारला असता तर कोडही गेला असता, कारण ती ओळ मी सेव्ह केलेली नव्हती. आणि डोक्यात दादाच होता. थांबलीस तर येतो. दुसऱ्या हाताने मी वहिनीला फोन लावला, तो कपाटात वाजत राहिला असणार. दहा वाजता आलेला नंबर लावून पाहिला, त्यावर बाहेरून फोन लागतच नव्हता. जुन्या बिलावर हॉस्पिटलचा नंबर सापडला, तेवढा एक कागद घरात होता. तिथे एक बाई गोड आवाजात सांगत होती की आपण रांगेत सातवे आहात. अकरा पाच. अकरा आठ. मी स्क्रीनला हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. रांगेत मी चौथी झाले.

अकरा एकवीसला सूची लागली. त्याच क्षणी कोड आपसूक चौकटीत येऊन पडला, दोनदा, एकापुढे एक. जास्तीचा पुसला आणि आत गेले. लिहून आलं, की या खोलीत तुमच्याशिवाय कोणी नाही.

नवव्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. दादा उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी, हातात फोन; बोलता येत नाही म्हणून तेवढी सूट मिळाली होती. मी सगळं सांगितलं. त्याने टाइप केलं.

"कॉपी केलेलं कुठे जाऊन पडत नाही. एडिटर नुसतं सांगतो, माझ्याकडे आहे, लागेल त्याने मागा. मागणारा उत्तर येईपर्यंत हलत नाही. हा आत सूची लावत बसलेला, म्हणून सगळे त्याच्या दारात उभे."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. नंतर दुरुस्त करू म्हटलं." मग खाली आणखी एक ओळ, "मारायला हवा होतास."

"तूच म्हणाला होतास, थांब."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, कळलं नाही. मग लिहिलं, "तुझं चित्र दिसत नव्हतं. म्हटलं, आवाज तरी जात असेल. म्हणून बोललो."

"आई केलीस?"

त्याने लिहिलं, "बुटके, दिवा". तिथेच थांबला, पुसून टाकलं आणि फोन पालथा ठेवला. मी त्याच्यावर रागावले होते. स्वतःवर किती, ते सांगता येत नाही.

तेवढ्यात नर्स पट्टी बदलायला आली. माझ्याकडे पाहून हसली.

"त्या दिवशी तुम्हीच आला होता ना, ऑपरेशनच्या आधी? पडद्याआडून बाईंचा आवाज येत होता. दिवा बंद कर, दिवा बंद कर. मी खरंच उठून पॅसेजमधला दिवा बंद केला."

"मी नव्हते," मी म्हटलं. "कसा होता आवाज?"

ती पट्टी सोडवत जरा विचारात पडली. दादाही तिच्याकडे बघत होता.

"नीटसं आठवत नाही हो," ती म्हणाली. "बायकांचा असतो तसा."