झाकणावरचा ‘मे’

आक्कांना निवृत्त व्हायला नऊ दिवस उरले होते. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून एक डबा बाहेर निघाला होता आणि झाकणावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं एकच अक्षर होतं, ‘मे’.

साथीच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नव्हती. ‘मेलेला विषाणू’ असं अख्खं कोण लिहीत बसणार? ‘मे’ म्हटलं की सगळे समजायचे: निरुपद्रवी, शिकवायला द्यायला हरकत नाही. हाही डबा एका कॉलेजला निघाला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांची सही झाली होती, गाडी खाली उभी होती.

सवयीने आक्कांनी नोंदवही उघडली आणि डब्याची नोंद पुन्हा एकदा वाचली. डबा मे महिन्यात भरलेला, आणि विषाणू मारायचं काम इथे सुरू झालं जूनमध्ये. म्हणजे या झाकणावर त्यांनी महिना लिहिला होता. आतल्या कुप्यांतला विषाणू जिवंत होता.

डॉक्टर त्यांच्या धाकट्या भावाच्या वयाचे. आक्कांचं ऐकून त्यांनी डबा निमूट परत ठेवायला सांगितलं. लेखी काही नको, जाता जाता चौकशी कशाला मागे लावून घेता, म्हणाले. तसं पाहिलं तर असा एखादा डबा चुकून गेलाच, तरी कॉलेजवाले ओळखीचेच होते, आणि साथही संपली होती.

“साथ संपली म्हणूनच भीती आहे,” आक्का म्हणाल्या. “पूर्वी असल्या कुप्या कुणी फुकटसुद्धा नेल्या नसत्या. आता एवढ्याशा जंतूने जगाला कसं कुलूप लागतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. वाईट डोक्याच्या माणसांनी काय डोळे मिटून घेतले होते? कॉलेजवाले सज्जन असतील हो, पण त्यांच्या कपाटावर पहारा कुणाचा?”

“आणि तुमची पस्तीस वर्षांची नोकरी?”

“ती झाली करून. असे ‘मे’ अजून किती आहेत, ते मला तरी कुठे आठवतंय? लिहून दिल्याशिवाय सगळा फ्रीजर तपासायला कोण परवानगी देणार?”

गाडी रिकामी परत गेली. आक्कांनी टेबलाशी बसून, खाडाखोड न करता, आपली चूक तारखेसह लिहून काढली. खाली सही केली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, उसासा टाकला आणि शेजारी आपलीही सही ठोकली.

मग आक्कांनी हातमोजे चढवले आणि पहिला कप्पा ओढला. फ्रीजरमध्ये एकूण एकसष्ट डबे होते. डॉक्टर नोंदवही घेऊन स्टुलावर बसले.

“सांगा आक्का, नंबर सांगा.”