टेबलाला ओरखडा नाही

मोठ्या आईच्या जेवणाच्या टेबलाला ओरखडा नव्हता. नवरा सुतार, लग्नानंतर त्याने स्वतःच्या हाताने केलेलं टेबल. त्यावर जेवून पोरगा बापाएवढा झाला, आता नातही जेवत होती, तरी ओरखडा म्हणून नाही. आल्यागेल्याला ती त्यावर हात फिरवून बघायला लावायची.

"बघा, आरसा आहे आरसा. नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही. घराला शिस्त लागते."

शिस्त कसली, जाच होता नुसता! वाटी सरकवायची नाही, उचलून ठेवायची. चमचा आपटला तर मोठी आई अशी बघायची की चमच्यालाही घाम फुटावा.

आणि नेमकं त्याच टेबलावर किटाळ आलं. नात भिंगरी, चार वर्षांची, तिला अक्रोड सोसत नव्हता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, कण जरी तोंडात गेला तरी अंगावर गांधी उठतील, ओठ सुजेल, वेळ आली तर श्वासही अडकेल. सूनबाई पर्समध्ये औषध घेऊनच फिरायची. पण गंमत बघा, पोर स्वतःच्या घरी ठणठणीत आणि मोठ्या आईकडे जेवायला बसली की लाल. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा झाल्यावर सून हळूच म्हणाली, "आई, सोमवारपासून मी तिला पाळणाघरात ठेवते."

"म्हणजे मी पोरीला विष घालते?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"म्हणायचं काय राहिलं? माझ्या बोलण्यापेक्षा तुझं गप्प बसणं लांबलचक असतं."

मुलगा भिंतीवरचं घड्याळ बघत होता. आई आणि बायको बोलायला लागल्या की त्याला वेळ बघायचं फार सुचायचं.

"रविवारी जेवायला या," मोठ्या आईने फर्मान काढलं. "माझ्या घरात अक्रोडाचं टरफल जरी सापडलं, तर मी स्वतः पोरीला पाळणाघरात सोडून येईन. नाही सापडलं, तर पोर माझ्याकडे."

बोलली खरी, पण पैज महागातली होती. भिंगरी दुपारी तिच्या पोटावर पाय टाकून झोपायची. तो पाय नसला की दुपार सरता सरायची नाही. पण हे मोठी आई कुणाला सांगेल, तर ती मोठी आई कसली!

मग घराचं धुणं निघालं. डबे पालथे झाले, चाळणी बदलली, पाटा घासून घासून झिजला. वाण्याला बोलावून विचारलं, "पिठाच्या शेजारी काय ठेवतोस रे? खरं सांग, नाहीतर तुझ्या बायकोला विचारीन." बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं नवऱ्याकडून वाचून घेतली.

"यात सुक्या मेव्याचे अंश असू शकतात," आजोबांनी चष्मा पुसत वाचलं.

"अंश म्हणजे?"

"थोडंसं."

"मग थोडंसं म्हणायला काय जीभ झिजते यांची?" पुडा केराच्या बादलीत गेला. "अहो, आणि आपल्या घरात कुठं आहे का अक्रोड?"

"स्वयंपाकघरात? छे!" आजोबा म्हणाले. बोलले ते अगदी खरंच.

रविवारी सगळे बसले. साधा भात, उकडलेले बटाटे, गाजरं, मीठसुद्धा नव्या पुड्यातलं. टेबल तर असं चमकत होतं की केलं त्या दिवसापेक्षा आजच तरुण दिसावं. भिंगरी बुटकी. खुर्चीत बसली की तिची हनुवटी बरोब्बर टेबलाच्या कडेवर टेकायची. तशीच टेकवून ती भाताची वाट बघत होती, मधूनच कड चाटत होती.

मोठी आई वाढायला वाकली आणि तिचा हात थांबला. पोरीच्या हनुवटीवर लाल रेघ उठली होती, फूटपट्टीने आखल्यासारखी. खालचा ओठही फुगत होता.

"आई, आलं परत!" सूनबाईने औषध काढून पाजलं, डॉक्टरांना फोन लावला. पोर मांडीवर घेऊन ती श्वास बघत बसली. श्वास मोकळा होता. हळूहळू सूज उतरायला लागली, तेव्हा कुठं घरातल्यांनी स्वतःचे श्वास सोडले.

मोठी आई मात्र तिथेच उभी होती. पोरीच्या पोटात अजून एक घासही गेला नव्हता. मग माझ्या भाताचा काय गुन्हा? तिने ती रेघ पाहिली, टेबलाची कड पाहिली. गुडघे धरत खाली बसली, कडेवर स्वतःची हनुवटी टेकवली, आणि ज्या टेबलावर कुणाला वाटी सरकवायची मुभा नव्हती, ते टेबल तिने जिभेने चाटलं.

"अहो! याला अक्रोडाची चव कशी?"

आजोबांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात अर्धा अक्रोड.

"हा... हा खायचा नाही गं. हा लावायचा. गर फोडून ओरखड्यावर घासला की तेल मुरतं, ओरखडा दिसत नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत असतो, मेणाशेजारी. खायच्या वस्तूत मी त्याला कधी धरलाच नाही. आज तुम्ही सगळे यायचे, म्हणून सकाळी जरा जास्त घासला."

"ओरखडा? माझ्या टेबलाला? किती आहेत?"

"आता काय सांगू. ओरखड्यांवरच टेबल उभं आहे."

"मला का नाही सांगितलं?"

मुलाने घड्याळाकडे मान वळवली, मग तीच मान खाली घातली. "आई, त्यातले निम्मे माझे. बाबा म्हणायचे, तू झोप, तिच्या नजरेस पडायच्या आत मी घासून टाकतो."

मोठ्या आईने टेबलावरून हात फिरवला. एवढी वर्षं जिला ती शिस्त म्हणत होती, ती नुसती भीती होती, आणि त्या भीतीचा डाग पोरीच्या हनुवटीवर उठला होता.

तिने गरम पाणी आणि साबण आणला. सून घासायला लागली, सासू पुसायला. तीनदा धुतलं. तेल गेलं तसे ओरखडे एकेक करून वर आले, आडवे, उभे, एक तर पार करवतीचा.

"शब्द म्हणजे शब्द," मोठी आई म्हणाली. "टरफल सापडलं. उद्या मीच सोडून येते पोरीला."

सूनबाईने फडकं पिळलं. "पण आई, हत्यारांची पेटी घरात धरायची का? बाबा अक्रोड खायच्या वस्तूत धरत नाहीत, तशी आपण पेटी घरात धरू नये."

मोठ्या आईने तिच्या हातून फडकं घेतलं. "तुझी जीभ माझ्यावर गेलीय," एवढंच म्हणाली. सुनेचं इतकं कौतुक त्या घरात आजवर झालं नव्हतं.

पेटी त्याच दिवशी आजोबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेली, खिसे तपासूनच नवरा घरात घ्यायचा असं ठरलं. सोमवारी भिंगरीने त्याच टेबलावर वाटी ओढली, खर्रर्र. आजोबांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"अहो, हात वर!"

आता आल्यागेल्याला मोठी आई टेबलावर हात फिरवायला लावतेच. "हा पोराचा, हा यांच्या करवतीचा. आणि हा बघा, सगळ्यात खोल, आमच्या भिंगरीचा. जोर आहे हो पोरीच्या हातात!"