सरातोवच्या तमाराबाईंचा पाहुणचार

२०२० च्या उन्हाळ्यात मैत्री गजभिये मोटरसायकलवरून एकटीच रशियाला जाणार होती. परदेशात, आइंडहोवन शहरातल्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. त्या प्रवासासाठी वर्षभर दर शनिवारी रशियन शिकली, जुनी पण दणकट मोटरसायकल घेतली, रजाही मंजूर करून ठेवली. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या आणि सगळं बारगळलं. पुढचे महिने तिने एका खोलीच्या घरात लॅपटॉपसमोर काढले. जुलैत जरा मोकळीक मिळाली, तेव्हा निदान नोकरीच्या या देशाचं उत्तर टोक तरी पाहू, म्हणून तिने मागे तंबू बांधला आणि निघाली.

उत्तरेकडच्या ड्रेंथ प्रांतात एका विटांच्या अरुंद रस्त्यावर क्लचची केबल तुटली. गाडी ढकलत ती पहिल्या घरापाशी आली. कुंपणाआड साठीची एक ठेंगणी बाई बकरीला रागावत होती, आणि चक्क रशियनमध्ये. शिकवणीत घोकलेलं वाक्य मैत्रीच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"नमस्कार. माझी मोटरसायकल बिघडली आहे. जवळपास दुरुस्तीचं दुकान आहे का?"

बाईच्या हातून बकरीची दोरी सुटली. तिने मैत्रीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दुकानाचं नंतर बघू," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

ही तमारा पाव्लोव्हना. नवरा गेन्नादी याच्यासोबत ती रशियातल्या व्होल्गाकाठच्या सरातोवहून इथे आली होती, कारण एकुलती एक लेक व्हेरा इथेच लग्न करून राहिली होती. गेन्नादीचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे घरात कुणालाच घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तमाराबाईंनी त्यावर तोड काढली. सफरचंदांच्या झाडांखाली दोन टेबलं जोडून लावली. एका टोकाला गेन्नादी, दुसऱ्या टोकाला मैत्री. तमाराबाई मधोमध ताटली ठेवायच्या आणि मागे सरायच्या. काकडी, अंडं आणि भरपूर शेपू घातलेलं ताकासारखं गार सूप आलं, उकडलेले बटाटे आले, लोणच्यातल्या काकड्या आल्या, आणि चहासोबत चमच्याने खायचा जॅम.

"बास," मैत्री म्हणाली.

"तिच्या बासकडे लक्ष देऊ नकोस," गेन्नादी बायकोला म्हणाला. "पाहुणे तसंच म्हणतात."

त्याने गॅरेजला फोन लावला. केबल परवा मिळणार होती. तंबू बागेतच लागला.

फोनवर नागपूरहून आई काळजीने म्हणाली, "अगं, कोण कुठली माणसं, ओळख ना पाळख."

"आई, तू आपल्या घरी आलेल्यांना जसं बळेबळे वाढतेस ना, तशी आहेत." मग आईने जेवायला काय काय होतं ते विचारलं.

सकाळी मात्र बिनसलं. यांना आणखी किती त्रास द्यायचा, म्हणून मैत्रीने तंबूमागे छोटा स्टोव्ह पेटवून नूडल्स उकळायला ठेवल्या. वर पाहिलं तर तमाराबाई धिरड्यांची थाळी घेऊन उभ्या.

"माझं जेवण आवडलं नाही तुला?"

"तसं नाही, तमारा पाव्लोव्हना." त्यांच्या रीतीप्रमाणे वडिलांचं नाव जोडून ती म्हणाली. पुढचं बोलायला रशियन पुरेना. अडखळत, शब्द शोधत तिने सांगितलं, "मार्चपासून कुणी मला वाढलंच नाही. माझं मी करायचं, माझं मी खायचं. दुसऱ्याकडून घ्यायची सवयच गेली."

तमाराबाईंनी थाळी गवतावर ठेवली आणि त्याही जरा लांब गवतातच बसल्या. व्हेरा ग्रोनिंगनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. बापाला लागण होऊ नये म्हणून मार्चपासून घरी फिरकली नव्हती. "मी रोज तिघांचं रांधते," त्या म्हणाल्या. "तिसरी ताटली परत कपाटात ठेवते. काल तू खाल्लंस, तेव्हा मला झोप लागली."

मैत्रीने धिरडी संपवली. मग विचारलं, "आज दुपारी मी रांधू?"

पाहुण्याने काम करायचं हे काही तमाराबाईंना पटेना. पण शेवटी त्यांनी बागेत कढई आणून दिली. मैत्रीच्या सामानात बेसन होतं, लाल तिखट होतं. तिने लसूण घालून झणझणीत पिठलं केलं. गेन्नादीने ते काळ्या राईच्या पावासोबत खाल्लं, डोळे पुसले, आणि पुन्हा मागितलं.

"हळू," बायको म्हणाली.

"मी पाहुणा नाही. मी बास म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी केबल आली, बसवली. मैत्रीनेच व्हेराचा विषय काढला. ती उत्तरेलाच चालली होती, ग्रोनिंगन वाटेवर होतं. तमाराबाई लगेच स्वयंपाकघरात पळाल्या. तासाभराने मोटरसायकलच्या दोन्ही पेट्या डब्यांनी भरल्या होत्या.

निघताना तिघंही आपापल्या खुर्चीवर मुकाट्याने बसली. लांबच्या प्रवासाआधी असं क्षणभर बसायचं असतं, असं गेन्नादीने सांगितलं होतं. मग तमाराबाई उठल्या आणि म्हणाल्या, "जा आता."

हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी, फोन केल्यावर, निळ्या पोशाखातली एक उंच बाई बाहेर आली. मैत्रीने डबे कट्ट्यावर मांडले आणि मागे सरली. व्हेराने मास्क काढला, एक झाकण उघडलं आणि तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, बोटांनी खायला सुरुवात केली. अर्धा डबा तिने तसाच संपवला.

"बाबा कसे दिसतात?" तिने अखेर विचारलं.

"छान. पिठलं दोनदा घेतलं त्यांनी."

"ते काय असतं?"

मैत्रीने हेल्मेट खाली ठेवलं आणि सांगायला लागली.